सवाष्णीला दिलेला कसाटा

माझ्या बायकोचं, मोहनाचं, वर्षश्राद्ध चैत्रात झालं. त्यानंतर भाद्रपदात तिची पहिली अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात ही तिथी पाळतात. एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची, साडी द्यायची आणि गेलेलीच्या आवडीची एखादी वस्तू द्यायची. तिला दिलं की तिकडे पोचतं, असं आमच्याकडे मानतात. असल्या गोष्टी मी आजवर मोहनावर सोडल्या होत्या. आता तिचीच नवमी मला करायची होती.

आम्ही बडोद्याला हरणीत राहतो. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांचंच नाव मला ठेवलंय, सुभानराव. फौज गेली, नाव राहिलं. मी नंदेसरीला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो, तिथूनच निवृत्त झालो. मुलगा समरजित मस्कतला असतो. घरात मी आणि सून शलाका. मोहना होती तोवर आम्ही दोघं तिच्यामार्फत बोलायचो. मी शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचो आणि शलाका तिला विचारायची, "आई, बाबांना चहा हवाय का?" मोहना माझ्याकडे न बघता सांगायची, "हवाय, पण डॉक्टरांनी साखर कमी सांगितलीय हे त्यांना सांग." मोहना गेल्यावर आमचं बोलणं जेवण, गॅसचा सिलेंडर आणि कुरिअरवाला यांच्यापुरतं उरलं.

शलाका दागिने घडवते. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत एका सोनाराच्या दुकानावरच्या खोलीत तिचं काम चालतं. सोनं तिच्या दागिन्यांत फारसं नसतं. चांदी, वर सोन्याचं पाणी, आणि सगळे रंगीत खडे. मला त्यातलं काही कळत नाही. आमच्या घरात दागिना म्हणजे पाटल्या, मोहनमाळ, ठुशी. रंगीत खडे म्हणजे जत्रेतला माल, असं मी मनात धरून होतो. बोललो मात्र कधी नव्हतो.

आजारात मोहनाचं गोड बंद झालं आणि थंडही बंद झालं. तिला कसाटा फार आवडायचा. आईस्क्रीमचा तो अर्धगोल काप, गुलाबी, हिरव्या आणि पिवळ्या थरांचा, वर काजूचा चुरा. लग्नाच्या वाढदिवसाला दुसरं काही नको, कसाटा हवा, असं तिचं असायचं. एकदा शलाकाने तिला फोनवर फोटो दाखवला. म्हणाली, "आई, खरा कसाटा इटलीतला. तो आईस्क्रीम नसतोच. केक असतो. बाजूने हिरवा, मध्ये गोड चीज आणि वर साखरेत मुरवलेली फळं."

मोहनाने चष्मा लावून बघितला. "ह्यात पट्टे कुठायत?"

"त्यांच्यात पट्टे नसतात."

"मग ते चुकलेत."

त्या भांडणातून ते लॉकेट झालं. आकार आपल्या कसाट्याचा, अर्धगोल. खाली तीन ओळींत बारीक खडे, गुलाबी, हिरवे, फिकट पिवळे. वरच्या गोलाईवर इटलीची फळं, म्हणजे लाल, नारिंगी, जांभळे असे मोठे खडे. दुपारी मी झोपलेला असायचो तेव्हा दोघी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर खडे मांडून रंग जुळवत बसायच्या. लॉकेट गळ्यात आलं तेव्हा मोहना म्हणाली, "हा वितळत नाही, आणि साखरही नाही. डॉक्टरांना दाखव जा." शेवटपर्यंत तेच तिच्या गळ्यात होतं. सोनं आम्ही दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाच लॉकरमध्ये ठेवलं होतं.

नवमीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी फोनवर विचारलं, "सवाष्ण कोण सांगितलीत?"

"अहल्या. मागच्या चाळीत राहते. हिच्याकडे यायची."

"उत्तम. साडी, खण, बांगड्या. एखादा अलंकार द्यायचा असला तर यथाशक्ती. बाईंच्या वापरातला असेल तर फारच चांगलं."

अहल्या धुळ्याकडची. घरी फॉल-पिकोचं काम करते. मोहनाच्या साड्यांना तीच फॉल लावायची आणि लावून झाल्यावर इथेच गप्पा मारत बसायची. तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा हार्दिक नंदेसरीलाच ठेकेदाराकडे कामाला, पॅकिंगमध्ये. मोहनाच्या जागी बसवायला तिच्याहून योग्य बाई मला सुचली नसती.

अलंकार काय द्यायचा यावर मी कपाट उघडून उभा राहिलो. बँक उघडी होती. लॉकरची चावी माझ्याच खिशात होती. तिथे तिची जोडवी होती, नथ होती, बारीक कुड्या होत्या. मी गेलो नाही. कपाटात वरच्या खणात लॉकेट होतं. मी ते हातात घेतलं आणि मनात म्हटलं, हेच तिचं आवडतं, हेच द्यावं. ते खरंच होतं. पण त्याच्या मागे दुसरंही एक होतं. काचेचेच खडे आहेत, गेलं तर काय गेलं, असंही मी म्हटलं. बायकोच्या नावाने द्यायचं आणि आपल्याला काही लागायला नको, अशी ती सोय होती. शलाकाला एक फोन करावा हे मनात आलं. पण तिला फोन करायची मला सवय नव्हती, आणि ती जयपूरला खडे घ्यायला गेलेली, कामात असेल असं मी ठरवून टाकलं.

नवमी नीट झाली. स्वयंपाकाला बाई लावली होती. अहल्या हिरवी साडी नेसून आली, पोटभर जेवली, खीर दोनदा घेतली. मी लॉकेटला हळदकुंकू लावून ते तिच्या हातावर ठेवलं तेव्हा ती रडायला लागली.

"काका, हे तर मावशींचं."

"म्हणूनच."

"मी कशी घालू?"

"घालण्यासाठीच असतं," गुरुजी म्हणाले. "त्यांना पोचायला हवं ना?"

तिने तिथेच गळ्यात घातलं. मला फार बरं वाटलं. मोहनाचं आपण नीट केलं, असं वाटलं.

संध्याकाळी शलाकाचा फोन आला.

"बाबा, झालं का सगळं? जेवलात?"

"झालं."

"बाबा, एक काम होतं. आईंच्या कपाटात वरच्या खणात कसाटा आहे. तो जरा बाहेर काढून ठेवाल? अहमदाबादच्या एका मोठ्या दुकानाला दाखवायचाय. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं ना, त्यांना नवं बघायला वेळ असतो. त्यांना पटलं तर तसे अजून करायचेत. आईंचाच आहे, मी परत ठेवेन. पण तोच एक आहे. त्यातला एकेक खडा आईंनी वेचलाय, तसे रंग मला इथे जयपुरात पण मिळेनात."

मी "बरं" म्हटलं.

"सापडला का?"

"बघतो."

त्यात काच नव्हती तर. आणि असती तरी काय फरक पडला असता? दोघी खडे वेचत होत्या त्या सगळ्या दुपारी मी झोपलो होतो एवढंच मला आठवत राहिलं.

आता मला दोन बायकांपैकी एकीपुढे तोंड उघडायचं होतं. शलाकाला सांगायचं की तुला न विचारता दिलं. नाहीतर अहल्याला सांगायचं की दिलेलं परत दे. नवमीला सवाष्णीला दिलेली वस्तू परत मागणारा माणूस मी आमच्या सात पिढ्यांत ऐकला नाही. सकाळी चालत निघालो तेव्हा मी वाक्य तयार केलं होतं. "अहल्या, चूक झाली, ते शलाकाचं आहे." एवढंच वाक्य होतं.

अहल्या मशीनवर बसली होती. घरातल्या साध्या साडीवर तिने ते लॉकेट घातलं होतं.

"या ना काका! बघा, काढलंच नाही मी. हे म्हणाले, अहल्या, तू तर आज शेठाणी लागे छे."

आतून हार्दिकचा आवाज आला, "काका, हवे मारे शेठ बनवुं पडशे!" आता आपल्यालाही शेठ व्हावं लागणार म्हणत तो पाळीला निघायच्या तयारीत होता. दोघं हसले. मीही हसलो. आणि माझं वाक्य गेलं.

हार्दिक टिफिन घेऊन बाहेर पडेपर्यंत मी चहा घेत बसलो. तो गेल्यावर म्हणालो, "गुरुजींचा फोन आला होता."

"कशाबद्दल?"

"ह्या खड्यांबद्दल." मी पुढचं काही ठरवलं नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं. "खडे ग्रहांचे असतात ना. लाल एकाचा, जांभळा एकाचा. एकमेकांशी पटत नाहीत. असे सगळे मिसळलेले सवाष्णीला देऊ नयेत म्हणाले. त्यांच्या काल लक्षात आलं नाही."

तिचा पाय मशीनच्या पेडलवर थांबला. "का? काय होतं?"

"होत काही नाही. जरा दोष असतो."

"कोणाला?"

मी बोललो नाही. त्या वेळी "मला" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने रस्त्याकडे बघितलं. हार्दिक कोपऱ्यावर पोचला होता, पाठमोरा.

"यांना?"

तरीही मी बोललो नाही. सवाष्णीला दोष म्हटल्यावर तिला दुसरं कोण आठवणार? तिने दोन्ही हातांनी लॉकेट काढलं. साखळी केसांत अडकली. तिने केसांसकट ओढली आणि माझ्या हातात दिली. माझ्या तळहातावर तिचे दोन-तीन केस आले.

"काका, मी रात्रभर घातलं होतं. त्याचं काय?"

"एका रात्रीनं काही होत नाही," मी म्हणालो. जणू मीच गुरुजी होतो.

घरी येऊन केस काढले, लॉकेट खणात ठेवलं आणि आंघोळ केली. वस्तू जागेवर आली होती. कोणाला काही कळणार नव्हतं. मोहनाचा फोटो समोर होता, त्याच्याकडे मी त्या दिवशी बघितलं नाही.

शलाका आली. टेबलावर दिवा लावून तिने लॉकेट ब्रशने साफ करायला घेतलं. मी पेपर वाचत होतो. ती एकदम थांबली.

"बाबा, खड्यांच्या खाली हळदकुंकू आहे."

मी पेपरातून वर बघितलं नाही.

"नवमीला तुम्ही ह्याची पूजा केलीत?"

"हं," मी म्हणालो.

तिने ब्रश खाली ठेवला. मग उठून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली तेव्हा तिने माझ्यासाठी चहा आणला होता, न विचारता, आणि पहिल्यांदाच माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला हे आवडत नाही. रंगीबेरंगी. आईंना मी म्हणायची पण. त्या म्हणायच्या, त्यांना कळायला वेळ लागतो, पण कळतं."

त्या चहाचा एकेक घोट मला जड गेला. रात्री जेवताना तिने समरजितला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "तुला माहितीये, बाबांनी आईंच्या कसाट्याची पूजा केली!" समरजित तिकडून म्हणाला, "आपल्या बाबांनी? बाबा, तब्येत बरी आहे ना?" दोघं हसले. कौतुकानेच हसले. मी पोळीचा तुकडा भाजीत फिरवत राहिलो.

अहमदाबादचं काम झालं. दुकानदाराला लॉकेट पसंत पडलं. शलाकाने पेढे आणले आणि लॉकेट पुन्हा मोहनाच्या खणात ठेवलं. घरात आता आम्ही बोलत होतो. ती मला खडे दाखवायची, हा कोणत्या फळासारखा सांगा बघू, असं विचारायची. मी चेरी म्हणालो की संत्र्याची साल निघायची. जे मला मोहना असताना मिळालं नव्हतं ते मिळत होतं, आणि ते खोट्यावर मिळत होतं. मी ते घेत होतो.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी अहल्या आली. दार शलाकाने उघडलं. अहल्याच्या हातात पिशवी होती. तिने ती आत येऊन जमिनीवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. हिरवी साडी, घडी करून. खण. नारळ. ओटीचे तांदूळ एका डब्यात. आणि कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. तिच्या हातात जुन्या लाल बांगड्या होत्या.

"काका, पक्ष संपायच्या आत आणलं," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. साडीलाही दोष लागतो का? मी नेसले होते. आणि तांदळातले थोडे आम्ही खाल्ले. गुरुजींना विचारून द्या ना. मी त्यांना फोन केला नाही, म्हटलं तुमचं नाव कशाला."

"कसला दोष?" शलाकाने विचारलं.

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

"त्या खड्यांचा," अहल्या तिला समजावून सांगायला लागली. "मावशींचं लॉकेट काकांनी मला नवमीला दिलं होतं. मग गुरुजी म्हणाले ते मिसळलेले खडे आहेत, माणसावर येतं. काकांनी लगेच येऊन परत नेलं, नाहीतर काय झालं असतं. तेव्हापासून मी यांना कामावर जाऊच दिलं नाही. नंदेसरीचं काम, तुम्हाला माहितीच आहे. हे भांडले माझ्याशी. म्हणाले, तू वेडी झालीस. मी दाराला आतून कडी लावून बसले. आता ठेकेदाराने यांच्या जागी दुसरा घेतलाय. घेऊ दे. माणूस असला म्हणजे काम मिळेल."

शलाका माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त मी काय बोलतो याची वाट बघत होती.

अजूनही एक वाट होती. "साडीला दोष नाही, घेऊन जा," एवढं म्हणून अहल्याला पाठवता आलं असतं. शलाकाला नंतर काहीतरी सांगता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. पण अहल्या माझ्याकडे अशी बघत होती की मी काय सांगेन ते ती घरी नेऊन पाळणार होती.

"गुरुजींचा फोन आला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"त्यांनी काही सांगितलं नाही. दोष नाही. काहीच नाही. मी खोटं बोललो. ते लॉकेट शलाकाला हवं होतं. मी तिला न विचारता तुला दिलं होतं. परत मागायची लाज वाटली."

अहल्या खाली बसली, साडीच्या घडीजवळ.

"मागायचं होतं ना काका," ती म्हणाली. "मी दिलं नसतं का? हसत दिलं असतं. शलाकाताईंचं आहे म्हटलं असतं तर पळत आणून दिलं असतं. त्यात काय होतं?"

तिने तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"मी दाराला कडी लावून बसले होते. हे मला म्हणाले, असं वाचवून उपाशी मारशील. आणि तुम्ही... तुम्ही तर मावशींना जाताना बघितलंय. तुम्हाला माहीत नाही का हे कसं असतं?"

शलाका तिच्याजवळ बसली. मग शलाका उठून आत गेली, लॉकेट घेऊन आली आणि अहल्यापुढे धरलं. "हे तुझंच. दिलेलं ते दिलेलं. माझं काम झालंय."

अहल्याने हात मागे घेतला. "नको ताई."

"अगं, त्याला काही दोष नाही. ऐकलंस ना?"

"ऐकलं. काका खोटं बोलले हे मला पटलं." तिने लॉकेटकडे बघायचं टाळलं. "पण आता ते बघितलं की मला यांची पाठच दिसते. पटून काय उपयोग?"

साडी मात्र तिने परत घेतली. मावशींची म्हणून. बांगड्या शलाकाने तिच्या हातात भरल्या. मला कोणी काही करायला सांगितलं नाही. अहल्या गेल्यावर शलाका एवढंच म्हणाली, "समरजितला तुम्हीच सांगा." मी सांगितलं. तो म्हणाला, "आईला हे फार लागलं असतं, बाबा." मग त्याने हवापाण्याचं विचारलं.

मी हार्दिकला घेऊन नंदेसरीला गेलो. त्याच्याच बाईकवर मागे बसून. ठेकेदार मला जुना ओळखीचा. गेटजवळच्या टपरीवर चार-पाच माणसांत बसला होता.

"अरे सुभानकाका! तमे? आवो, चा पीवो."

मी चहा घेतला नाही. हार्दिक का आला नाही ते मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुजरातीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. हार्दिकचा किंवा त्याच्या बायकोचा दोष नाही, मी खोटं बोललो होतो, असं सांगितलं. टपरीवरच्या माणसांतला एकजण हसला.

ठेकेदारही हसला. "दोष? काका, नंदेसरीमां दोष तो हवामां छे. एना माटे खडा शुं करवा?" सगळे हसले. हार्दिक हसला नाही. मग ठेकेदार गंभीर झाला. "पॅकिंगमां जग्या नथी काका. भराई गई. ॲसिड भरवामां एक माणस जोइए छे. आवतो होय तो कालथी आवे."

पॅकिंगची जागा भरली होती, उद्यापासून ॲसिडचे ड्रम भरायला माणूस हवा होता, आणि ते काम काय असतं ते मला माहीत होतं. मी त्या शेडच्या शेजारी पंधरा वर्षं काढली होती. मी म्हणालो, "थांबू या, दुसरीकडे बघू." हार्दिकने माझ्याकडे बघितलंही नाही. ठेकेदाराला म्हणाला, "आवीश," म्हणजे येईन.

परतताना बाईकवर तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "काका, घरी हे सांगायचं नाही. पॅकिंगच मिळालं म्हणून सांगायचं."

मी म्हणालो, "ते मी सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे?"

"खोटं सांगणार नाही."

त्याने बाईक बाजूला घेतली आणि थांबवली. मला वाटलं उतरवतोय. "आता तुम्हाला खरं बोलायचं सुचलं!" तो ओरडला. रस्त्याने जाणारे बघायला लागले. तो बोलला ते खरंच होतं. थोड्या वेळाने त्याने बाईक सुरू केली. ॲसिडचं अहल्याला त्यानेच सांगितलं, मी दाराबाहेर उभा असताना. आतून कुकरची शिट्टी झाली, तेवढीच ऐकू आली.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी चोकडीवर, म्हणजे चौकात, जायला लागलो, कंपनीची बस पहिल्या पाळीच्या लोकांना सोडते तिथे. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे उभं राहून काही टळत नाही हे मलाही कळतं. पण घरात बसवत नव्हतं. बस आली, हार्दिक उतरला की मी अहल्याला फोन करून म्हणायचो, "उतरला." ती "बरं" म्हणायची. हार्दिक माझ्या अंगावरून निघून जायचा. एकदा फक्त माझ्या हजेरीवर टोमणा मारला, "काका, हाजरी पूरी ने?"

नवरात्र सुरू झाल्यावर एक दिवस बस आली आणि तो उतरला नाही. सगळे उतरले, बस गेली. ड्रायव्हरला विचारायला धावलो तोवर ती वळली होती. उतरलेल्यांपैकी एकाला विचारलं, तो दुसऱ्या प्लांटचा निघाला, त्याला माहीत नव्हतं. हार्दिकचा फोन लागत नव्हता. आत फोन नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावे लागतात. हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा लावत होतो.

तेवढ्यात अहल्याचा फोन आला. माझा फोन गेला नव्हता म्हणून तिनेच केला होता.

"काका, उतरले का?"

"हो" म्हणायला काय लागत होतं? ती घाबरली नसती. दुसरी बस मागून येत असेल. ओव्हरटाइम असेल. बहुतेक तेच असेल. माझी जीभ त्या "हो"वर येऊन टेकली होती.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्या बसमध्ये नव्हता. फोन लागत नाही. ओव्हरटाइम असेल, पण मला माहीत नाही. मी इथेच आहे."

तिकडून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली.

मी ठेवला नाही. ट्रक जात होते, त्यांचा आवाज तिला ऐकू जात असणार. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी नवमीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरात जी भीती ठेवून आलो होतो ती आता माझ्या कानाशी होती. बराच वेळ तसं गेलं. मग दुसरी बस आली. हार्दिक सगळ्यांत शेवटी उतरला, केस ओले, खांद्यावर टिफिनची पिशवी. मला फोन कानाला लावलेला बघून त्याने भुवया वर केल्या.

"उतरला," मी म्हणालो.

अहल्याने फोन ठेवला.